चटणी-पापडाच्या धंद्याला सरकारी अनुदान: बेळगाव-खानापूर-निपाणीकडं कुणाच्या खरंच हातात पडलं का?

नंदगडची_सून

नमस्कार मंडळी. चार वर्षं इथं नुसती वाचत होते, पहिल्यांदाच धागा काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

आम्ही खानापूर तालुक्यातले. आत्याबाई (सासूबाई) गेली वीसेक वर्षं वर्षाची चटणी करून देतात. पुण्या-मुंबईकडच्यांसाठी खुलासा: आमच्यात चटणी म्हणजे ताटातली ओली चटणी नव्हे, भाजक्या मसाल्याचं तिखट. रंगाला ब्याडगी, तिखटपणाला संकेश्वरी, बाकी खोबरं, तीळ, धणे, दगडफूल. आधी गल्लीतल्यांची करायच्या, मग बेळगावातल्या नात्यागोत्यातून ऑर्डरी यायला लागल्या, आता लग्न होऊन पुण्याला गेलेल्या पोरीही मागवतात. सोबत उडदाचे पापड आणि सांडगी मिरची. गेल्या उन्हाळ्यात मोजलं तर चटणीच सव्वाचारशे किलो झाली. कांडप दुसऱ्याच्या गिरणीत. मार्च-एप्रिलमध्ये तिथं इतकी रांग असते की पहाटे साडेचारला डबे नेऊन ठेवावे लागतात, आणि आपल्या आधी कुणी नुसती हळद कुटली असेल तर आपली पहिली दोन किलो पिवळट निघतात. ती आम्ही घरी खातो.

म्हणून आपलंच कांडप घ्यावं असं मनात आलं. ह्यांचा मालवाहू टेम्पो आहे, त्यांना फिरताना कुणीतरी सांगितलं की केंद्राच्या योजनेत निम्मे पैसे माफ होतात. माहिती काढली. योजनेचं पूर्ण नाव प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग उन्नयन योजना, सगळे पीएमएफएमई म्हणतात. एक गृहस्थ भेटले, त्यांनी ९ लाख ४० हजारांचा प्रोजेक्ट रिपोर्ट करून दिला. त्यात कांडप, रोस्टर, ड्रायर, पॅकिंग मशीन, शेड, सगळं. तो घेऊन जवळच्या एका बँकेत गेले. साहेबांनी फाईल उघडलीही नाही. म्हणाले, बेळगावी जिल्ह्याला गूळ आहे, तुमचं तिखट बसत नाही. दुसऱ्या बँकेत म्हणाले बसतं, पण घर तारण द्या. तिसऱ्या ठिकाणी सिबिल (कर्जफेडीची नोंद) बघितला आणि म्हणाले तुमचं १,८०० रुपयांचं जुनं काहीतरी थकलंय. मी जन्मात कर्ज काढलेलं नाही! शेवटी कळलं की २०१९ मध्ये गल्लीतल्या बायकांच्या गटातून मायक्रो फायनान्सचे पैसे घेतले होते, त्यातला एक हप्ता एकीने भरला नव्हता आणि तो माझ्या नावावर तसाच राहिलाय.

आता तीन प्रश्न. गूळ सोडून बाकीच्यांना मिळतं की नाही? तारण लागतं का? आणि मुख्य म्हणजे, आपल्या भागात हे पैसे घेऊन आज ज्यांचा धंदा चालू आहे असं कुणी आहे का? जाहिरातीतलं नको, ओळखीतलं सांगा.

सीमेवरचा

ताई, महाराष्ट्र सरकारच्या सीमाभागातल्या ८६५ गावांच्या यादीत तुमचं गाव असेल तर तिकडनं काही मिळतं का बघा. आरोग्य योजना २०२३ मध्ये आपल्याला लागू केलीच होती की.

पासबुक

सीमेवरचे साहेब, तो विषय वेगळा. आरोग्याची योजना माणसाच्या पत्त्यावर चालते, उद्योगाचं अनुदान कारखान्याच्या पत्त्यावर. कांडप नंदगडला बसणार असेल तर फाईल कर्नाटकातूनच जाणार. आणि या एका बाबतीत आपण तोट्यात नाही. का ते पुढं सांगतो.

मी ३१ वर्षं बँकेत काढली, त्यातली शेवटची सहा कर्ज विभागात. आता निवृत्त आहे, त्यामुळं मोकळेपणानं लिहितो.

सूनबाई, पहिल्या साहेबांचं म्हणणं अर्धवट आहे. ही योजना २९ जून २०२० ला सुरू झाली. दहा हजार कोटींची, दोन लाख छोटे उद्योग डोळ्यांसमोर ठेवून. त्यात ‘एक जिल्हा एक उत्पादन’ म्हणून प्रत्येक जिल्ह्याला एक पदार्थ नेमून दिला, बेळगावला गूळ आला. सुरुवातीला नवा धंदा असेल तर त्याच पदार्थाचा हवा, असा अर्थ सगळ्यांनी धरला होता. पुढं ते सैल झालं. गुळाला प्राधान्य आहे, पण मसाला, पापड, लोणचं, बेकरी यांनाही कर्जावरचं अनुदान मिळतं. शिवाय तुमचा धंदा नवा कुठाय? वीस वर्षांचा चालू धंदा आहे. कागद नाही एवढंच.

तारणाचं म्हणाल तर दहा लाखांपर्यंतच्या लघुउद्योगाच्या कर्जाला तारण मागायचं नाही असा रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे. त्यासाठी सीजीटीएमएसई म्हणजे सरकारी हमीची सोय आहे. तरी साहेब मागतात, कारण वसुली अडकली की वरून विचारणा त्यांनाच होते. भांडू नका. नम्रपणे एका अर्जावर ‘तारण नसल्याने कर्ज नाकारले असे लेखी द्यावे’ एवढं लिहून द्या. लेखी कुणी देत नाही, फाईल मात्र हलते.

आता निम्मे पैसे माफ होतात हे वाक्य. हे वाक्य फार घातक आहे. केंद्राचं अनुदान ३५ टक्के, जास्तीत जास्त दहा लाख. (तेही ६० टक्के केंद्र, ४० टक्के राज्य असं वाटून.) त्यावर कर्नाटक सरकार स्वतःचे १५ टक्के घालतं, म्हणून आपल्याकडं ५० टक्के, कमाल पंधरा लाख. आपण तोट्यात नाही म्हटलं ते याच्यासाठी. पण पैसे हातात पडत नाहीत. आधी पूर्ण कर्ज काढायचं, किमान दहा टक्के स्वतःचे घालायचे, मशीनचे पैसे बँक थेट दुकानदाराला देते. अनुदान बँकेत वेगळ्या खात्यात येऊन बसतं. तीन वर्षं धंदा चालू राहिला, हप्ते नीट गेले, तर ते कर्जात वळतं होतं. तेवढ्या रकमेवर व्याज लावत नाहीत हा फायदा आहेच. पण मधेच खातं एनपीए (थकीत) झालं तर अनुदान गेलं, आणि अख्खं कर्ज डोक्यावर.

तुमचा ९ लाख ४० हजारांचा रिपोर्ट घ्या. तुमचे ९४ हजार, कर्ज ८ लाख ४६ हजार. ११ टक्क्यांनी पाच वर्षांत फेडायचं म्हटलं तर महिन्याला अठरा हजारांच्या वर हप्ता. सव्वाचारशे किलो चटणीत एवढं सुटतं? मी ती फाईल उघडली असती, आकडा बघितला असता आणि मिटली असती.

नंदगडची_सून

काका, अठरा हजार वाचून पोटात गोळा आला. त्या गृहस्थांनी हप्ता सांगितलाच नव्हता. ‘निम्मं माफ’ एवढंच सांगत होते. आणि रिपोर्टचे सहा हजार घेतले, मंजूर झालं की दोन टक्के आणखी ठरलेत.

कोकमआगळ

अगं ताई!! दोन टक्के कसले? या योजनेत मदतीला सरकारनेच माणसं नेमलीत, डीआरपी म्हणतात त्यांना. प्रोजेक्ट रिपोर्ट करणं, ऑनलाइन अर्ज भरणं, बँकेत पाठपुरावा, उद्यम (लघुउद्योगाची) आणि एफएसएसएआय (खाद्यपदार्थांची) नोंदणी, हे सगळं त्यांचं काम. एका मंजूर कर्जामागे त्यांना सरकार २०,००० रुपये देतं, अर्धे मंजुरीनंतर आणि अर्धे नोंदण्या वगैरे झाल्यावर. तुमच्याकडून एक पैसा घ्यायचा नाही. कृषी खात्याच्या जिल्हा कार्यालयात यादी मिळते, नाहीतर तालुक्याच्या रैत संपर्क केंद्रात विचारा. राज्याचं काम कप्पेक नावाचं महामंडळ बघतं.

माझं छोटं आहे, जांबोटीकडं. कोकम आगळ आणि अमसूल, मे-जूनचे दोन महिने. अनुदान घेतलंय, साडेतीन लाखांचा प्रोजेक्ट. अर्ज ते मंजुरी सात महिने गेले. त्यातले चार महिने एकाच कारणाने: आधारवर बेळगाव, पासबुकावर बेळगाम, उद्यमवर बेळगावी. तिन्ही जागा एकच आहेत हे दाखवायला मी प्रतिज्ञापत्र केलं. १ नोव्हेंबर २०१४ ला नाव बदललं, त्या तारखेला आपल्या भागात काळा दिन पाळतात ते सांगायला नकोच, पण माझ्या फाईलवर तिचा जास्त परिणाम झाला :)

सीमेवरचा

तेच म्हणतोय मी. अर्ज इंग्रजीत, पंचायतीचा कागद कन्नडमध्ये, आणि आमच्या बायका मराठी शाळेतल्या. भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांवर असतील तिथं कागद त्यांच्या भाषेत द्यायचा हे किती वर्षं ऐकतोय. तो मिळाला असता तर दलाल जगलेच नसते.

शहापूरकर

मागणी रास्त आहे, पण या धाग्यावर तिला वळवू नका, नाहीतर उद्या ३०० प्रतिसाद होतील आणि ताईंचं कांडप राहील बाजूला.

सीमेवरचा

बरं. गप्प बसतो. पण पंचायतीचा ई-स्वत्तू नमुना ९ आणि ११ (घर-जागेचा उतारा) मागतील, तो आधीच काढून ठेवा ताई. घर आजेसासऱ्यांच्या नावावर असेल तर आत्तापासून लागा. आमचा वर्षभर त्यातच गेला. (हे उपयोगाचं बोललो की नाही, शहापूरकर?)

चुलवाण

गुळाचं नाव निघालं म्हणून लिहितो. निपाणी भागात आमचं गुऱ्हाळ, आजोबांपासूनचं. सध्या हंगाम आहे, रात्री चुलीवर पाळी असते, त्यामुळं तुटक लिहीन.

लोकांना वाटतं बेळगावला गूळ दिला म्हणजे गुऱ्हाळवाल्यांची चांदी. तसं नाही वो. आमच्या गुऱ्हाळाला लायसन नव्हतं, मीटर शेतीचं होतं, शेड पत्र्याचं, जमीन शेतीची. योजनेत जमिनीचा खर्च धरतच नाहीत आणि बांधकामाला हात आखडता असतो. धरतात ती यंत्रं. गुळाला यंत्र कसलं? घाणा, काहील, चुलवाण. गुळव्याचा हात हेच यंत्र. पाक कधी उतरवायचा हे तो उलथन्यावरनं धार बघून ठरवतो, ते कोटेशनमध्ये कसं लिहायचं?

तरीपण मी घेतलं. गुळाच्या पावडरीसाठी. चाळण, ड्रायर, पाव-अर्धा-एक किलोचं पॅकिंग, एवढंच धरलं. आधी एक मोठा निर्णय घ्यावा लागला. आमच्याकडं रंगासाठी हायड्रोस नावाचं केमिकल टाकायची सवय. बाजारात पिवळाधमक गूळ चढ्या भावानं जातो, तपकिरीला कोण विचारत नाही. पॅकेटवर नाव छापून विकायचं म्हटलं की तपासणी आपल्या नावावर येते. मग भेंडीवर आलो. भेंडीची खोडं कुटून पाण्यात ठेवायची, तो बुळबुळीत रस उकळत्या रसात सोडला की मळी वर येते, ती झाऱ्यानं काढायची. आजोबा तेच करायचे. रंग गडदच येतो. पहिल्या वर्षी गिऱ्हाईक म्हणायचं, जळका दिसतोय. आता तेच गिऱ्हाईक ‘काळाच द्या’ म्हणतंय.

आणखी एक. आमचा गूळ पूर्वी ३० किलोच्या रव्यानं (ढेपेनं) कोल्हापूरच्या यार्डात जायचा. तिकडं कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन आहे आणि कर्नाटकचा गूळ कोल्हापुरी म्हणून खपवतात ही तिकडच्यांची जुनी तक्रार. खरं सांगू? तक्रार चुकीची नाही. पण आमचा गूळ आमच्या नावानं विकायला कुणी दिला कधी? पॅकेटवर गावाचं नाव छापलं तेव्हा बाबा अर्धा तास ते पॅकेट हातात घेऊन बसले होते.

पैशाचं: पासबुककाकांनी सांगितलं ते अक्षरशः खरं. माझं अनुदान बँकेत दिसतंय, दोन वर्षं झाली, अजून एक वर्ष. तोवर ते मामाच्या गावचं आंब्याचं झाड.

टॅलीवाला

सगळे बोलले, पण सीमेवर राहणाऱ्यांनी जे आधी विचारायला हवं ते कुणी विचारलं नाही. माल विकणार कुठं? मी खानापूर-बेळगावच्या तीसेक छोट्या धंद्यांचे हिशेब बघतो.

मालाच्या धंद्यात वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी लागत नाही, हे सगळ्यांना पाठ असतं. पण ते राज्याच्या आत. करपात्र माल राज्याबाहेर विकला तर पहिल्या रुपयापासून नोंदणी सक्तीची. आणि आपल्याकडं राज्याबाहेर म्हणजे काय हो? बेळगावातनं शिनोळी गाठायला चहा गार व्हायच्या आत पोचतो. चंदगडच्या दुकानदाराला दहा किलो चटणी दिली की ती आंतरराज्य विक्री. कंपोझिशनमध्ये (छोट्यांसाठीची ठोक कराची सोय) जाऊ म्हणाल तर कंपोझिशनवाल्याला मालाची आंतरराज्य विक्री करताच येत नाही.

आता गंमत बघा. पापडाला जीएसटी शून्य. फक्त पापडच विकत असाल तर कोल्हापूरलाच काय, दिल्लीला पाठवा, नोंदणी लागत नाही. चटणी-मसाल्याला मात्र लागतो. काही मिश्र मसाले आणि लोणच्यांवर आधी १२ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ झाला. गूळ सुटा असेल तर शून्य, २५ किलोपर्यंतचं नाव छापलेलं पॅकेट असेल तर ५, हे जुलै २०२२ पासून. चुलवाण दादांचा ३० किलोचा रवा बिनकराचा आणि पाव किलोचं पॅकेट कराचं, ते यामुळं. तेव्हा ताई, पुण्याच्या पोरींना चटणी पाठवणार असाल तर नोंदणी करून घ्या. दर महिन्याची कटकट वाढते, माझ्यासारख्याला पैसे द्यावे लागतात, पण कोगनोळी नाक्यावर टेम्पो अडकून बसण्यापेक्षा बरं.

लेबलचंही सांगून टाकतो. एफएसएसएआयचा चौदा आकडी नंबर, वजन, तारीख, घटक हे इंग्रजीत किंवा देवनागरीतल्या हिंदीत पाहिजेत. मराठी वर आणखी घालता येते. कर्नाटकात बनलेल्या मालावर नाव कन्नडमध्येही हवं, २०२२ च्या कायद्यात तसं आहे. म्हणजे पाव किलोच्या पुडीवर तीन भाषा. डिझायनरला आधीच सांगा, नाहीतर दोनदा छपाई होईल. माझ्या एका पक्षकाराची दहा हजार पाकिटं रद्दीत गेली.

नंदगडची_सून

टॅलीवाले दादा, हे आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. आम्ही गेली चार वर्षं पुण्याला बिनधास्त पाठवतोय, ह्यांच्या टेम्पोतनं आणि एसटीतनं. आता झोप लागणार नाही.

टॅलीवाला

झोपा झोपा. नातेवाइकांना डबा पाठवणं वेगळं आणि बिल फाडून विकणं वेगळं. नोंदणी पुढच्या हंगामाच्या आधी करा म्हणजे झालं.

उंबऱ्यावरून

मी उलटं सांगणार आहे. राग मानू नका.

आमच्या दहाजणींच्या गटाने २०२१ मध्ये पापड-शेवयांचं युनिट टाकलं, कडोलीच्या बाजूला. पैसे गटाच्या नावावरचं कर्ज, शिवाय बीजभांडवल. ते बीजभांडवल माणशी ४०,००० असतं, पण ते फुकटचं नाही, गटाच्या संघाकडून कर्ज म्हणून मिळतं, परत करायचं असतं. आमच्यातल्या निम्म्या बायकांना ते शेवटपर्यंत बक्षीस वाटत होतं. एकीने त्यातनं पोरीची फी भरली. मी तिला दोष देत नाही.

मशीन आली. पापडाची, तासाला कितीतरी हजार पापड काढणारी. आम्ही दिवसाला चाळीस किलो पीठ मळायचो, मशीनला ते एका तासाचं खाद्य. तासभर मशीन चालायची, मग आम्ही सहाजणी तिच्याकडं बघत बसायचो. वाळवायला जागा एकाच गच्चीची, त्यातनं आपल्याकडचा पाऊस, जून ते सप्टेंबर ड्रायर नसेल तर पापडाला बुरशी. खडेबाजार, गणपत गल्लीत माल टाकला. घेतात हो, नाही म्हणत नाहीत. पैसे मागायला गेलं की ‘पुढच्या वेळी बघू वैनी’. उद्यम नोंदणी असेल तर ४५ दिवसांत पैसे द्यायचे असा कायदा आहे म्हणे. कायदा ४५ दिवस म्हणतो, दुकानदार दिवाळी म्हणतो, आणि कुठली दिवाळी ते सांगत नाही.

मशीन आता ताडपत्रीखाली आहे. हप्ते आम्ही मजुरी करून फेडले, अनुदान वळतं झालं, कुणाचं वाईट झालं नाही. पण सरकारी कागदात आम्ही ‘यशस्वी’ मध्ये मोजले जातो आणि मी दुसऱ्याच्या बेकरीत पॅकिंगला जाते. कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेच्या दोन हजारांतनं घरचं पीठ-मीठ भागतं, तेवढंच काय ते सरकारचं पोचलं माझ्यापर्यंत.

पासबुक

उंबऱ्यावरून ताई, तुमचा प्रतिसाद या धाग्यातला सगळ्यात मोलाचा. मी बँकेत असताना अशा फायली मंजूर केल्यात, नंतर मशीन बघायला कधी गेलो नाही. खातं चालू आहे ना, मग झालं. आज वाचून लाज वाटली.

सूनबाई, यातनं तुमच्या उपयोगाचं सांगतो. मशीनचा वेग बघू नका, तुमचा आजचा माल बघा. तुम्हाला कर्ज मशीनसाठी हवंय असं वाटतंय, पण हिशेब नीट मांडा. ब्याडगीच्या बाजारात मिरचीची आवक जानेवारी ते एप्रिल. तुम्ही वर्षाची मिरची त्यातच घेता, म्हणजे सगळा पैसा दोन-तीन महिन्यांत एकदम अडकतो आणि दिवाळीपर्यंत थोडा थोडा सुटतो. हे खेळतं भांडवल. अनुदान मोजतात ते यंत्र आणि तांत्रिक बांधकामावर, मिरचीच्या पोत्यांवर नाही. मी पाहिलेले बुडालेले धंदे बहुतेक इथंच बुडाले. मशीन नवी कोरी, आणि कांडायला मिरची नाही.

म्हणून यंत्राचं कर्ज लहान ठेवा आणि मिरचीसाठी वेगळी कॅश क्रेडिटची (लागेल तसं काढायचं, येईल तसं भरायचं) मर्यादा मागा, मुद्रा कर्जयोजनेतून. शिशु ५०,००० पर्यंत, किशोर ५ लाखांपर्यंत. फाईल नेताना गेल्या वर्षीच्या विक्रीची वही न्या. वही आहे ना?

नंदगडची_सून

आहे की! आत्याबाईंची. कॅलेंडरच्या पाठच्या बाजूला लिहितात. ‘गुरव २ किलो बाकी ४००’, ‘पोष्टातली बाई दीड किलो दिले’. वीस वर्षांची कॅलेंडरं खिळ्याला एकावर एक आहेत.

पासबुक

ती कॅलेंडरं न्या. खरंच न्या. आणि आजपासून पैसे क्यूआर कोडवर, तुमच्या स्वतःच्या खात्यात घ्या, ह्यांच्या नाही. सहा महिन्यांचं स्टेटमेंट हाच तुमचा रिपोर्ट.

ते १,८०० रुपये आधी भरा, ‘थकबाकी नाही’ असा दाखला घ्या, मग सिबिलला ऑनलाइन तक्रार करा. एक-दोन महिने जातात. त्या आधी कुठल्याही बँकेत जाऊ नका. प्रत्येक बँक चौकशी करते आणि प्रत्येक चौकशीची नोंद राहते.

कोकमआगळ

आणि मुदत लक्षात ठेवा. मूळ योजना २०२४-२५ पर्यंत होती, ती २०२५-२६ पर्यंत वाढवली. आता २०२५ चा नोव्हेंबर चाललाय. मार्चअखेर बँकांची गडबड असते, त्यांना तेव्हा आपली तोंडं बघायला वेळ नसतो.

मी प्रशिक्षण मत्तीकोप्पच्या कृषी विज्ञान केंद्रात घेतलं होतं. बाई कन्नडमध्ये शिकवायच्या, मधेच आमच्याकडं बघून मराठीत. कोकमाला मीठ किती, बाटली किती वेळ उकळत्या पाण्यात ठेवायची, हे मला सगळं येतं असं वाटत होतं. येत नव्हतं. माझ्या बाटल्या ऑगस्टात फुगायच्या, त्या तिथं गेल्यावर थांबल्या.

चुलवाण

ताई, तुमच्या चटणीत कांदा-लसूण असतो का? असला तर टिकण्याचा प्रश्न वेगळा. तळलेला कांदा नीट कोरडा झाला नाही तर पुडी तीन महिन्यांत गुठळ्या धरते. आमच्या आईची अशीच झाली होती. विकायची असेल तर बिनकांद्याची वेगळी आणि घरची वेगळी ठेवा.

नंदगडची_सून

कांदा-लसणाची मागवली तरच करतो, ती वेगळीच. आत्याबाईंना वाचून दाखवला तुमचा प्रतिसाद. म्हणाल्या, ‘निपाणीच्या माणसाला कळतंय की चटणीतलं.’ हे त्यांच्याकडनं फार मोठं कौतुक आहे, मला अजून मिळालेलं नाही.

बरं, काल दिवसभर बसून आम्ही तिघांनी नवा हिशेब केला. ड्रायर काढून टाकला. शेड काढून टाकलं, मागची न्हाणीघराजवळची खोली रिकामी आहे, तिथं फरशी आणि जाळ्या बसवायच्या. पॅकिंग मशीनऐवजी हाताचा बँड सीलर. कांडप, छोटा रोस्टर, वजनकाटा, सीलर, फरशी मिळून ३ लाख २० हजार. आमचे ३२ हजार, कर्ज २ लाख ८८ हजार. पासबुककाकांच्या हिशेबाने सव्वासहा हजारांच्या आसपास हप्ता. गल्लीतल्यांची मिरची कांडून दिली तर मार्च-एप्रिलमध्ये त्यातनंच पुष्कळ निघेल, पहाटेची रांग आता आमच्या दारात. (आणि हळद शेवटी कुटायची, हा आत्याबाईंचा नियम!)

त्या गृहस्थांना फोन केला. सहा हजार परत मिळणार नाहीत म्हणाले. जाऊ दे. डीआरपींचा नंबर रैत संपर्क केंद्रातनं मिळाला, सोमवारी भेटायचं ठरलंय. मंगळवारी ते १,८०० भरायला ह्यांच्याबरोबर बेळगावला जाणार. एफएसएसएआयची नोंदणी आज रात्री पोरगा बसवून देतो म्हणालाय. उलाढाल १२ लाखांच्या आत आहे, वर्षाला १०० रुपये.

उंबऱ्यावरून ताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मोठी यंत्रं त्यामुळंच गेली यादीतनं. तुम्ही कडोलीच्या, आम्ही नंदगडचे, फार लांब नाही. ताडपत्रीखालच्या मशीनसोबत वजनकाटा किंवा सीलर असेल आणि गट विकणार असेल तर आधी आम्हाला सांगा. जुनं यंत्र कर्जात धरत नाहीत हे माहीत आहे, रोखीनं घेऊ.

शेवटचं एक विचारते. आमच्याकडं घरात सिंगल फेज आहे. त्यावर कांडप चालेल का?

उंबऱ्यावरून

सीलर आहे, चांगल्या अवस्थेतला. बायकांना विचारून सांगते. रविवारी येऊन बघा, जेवायलाच या.

चुलवाण

दोन एचपीची मोटर सिंगल फेजवर चालते, कपॅसिटरवाली मागा. पण सात-साडेसातला गावात सगळ्यांचे पंप-मिक्सर लागले की व्होल्टेज पडतं, तेव्हा सुरू करू नका, वाइंडिंग जळतं. आणि घरगुती मीटरवर चालवू नका, हेस्कॉमवाले (वीज कंपनीचे) बघून गेले तर दंड लावतात. औद्योगिक मीटरचा अर्ज आत्ताच टाका. आमचं मीटर कर्जाच्या नंतर आलं, दोन महिने मशीन नुसती पुसत होतो.